बगल कोरडी होईपर्यंत

२०२० च्या एप्रिलमध्ये मला जनरल वॉर्डातून आयसीयूत पाठवलं, तेव्हा व्हेंटिलेटरचं एकच बटण माझ्या ओळखीचं होतं. अलार्म गप्प करायचं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, होऊन सात वर्षं झालेली. सलाईन, इंजेक्शन, कॅथेटर, ड्रेसिंग, सगळं हाताला बसलेलं. पण रात्री दोनला मशीन ओरडायला लागलं की मी ते बटण दाबायची आणि आरएमओ सरांना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, शोधत पळायची. दोन मिनिटांनी ते पुन्हा ओरडायचं, आणि सर दुसऱ्याच बेडवर अडकलेले असायचे.

तेव्हा शिकवायला कुणाला सवड नव्हती. ज्यांना येत होतं ते पीपीई किटमध्ये घामाने निथळत उभे, नाहीतर स्वतःच पॉझिटिव्ह येऊन घरी. केंद्र सरकारने त्याच एप्रिलात दीक्षा पोर्टलवर कोविडच्या कामासाठी प्रशिक्षण टाकलं होतं, त्याची लिंक आमच्या ग्रुपवर आली. तिथून माझी सुरुवात झाली. ते संपलं तरी बेड तीनच्या मशीनवर लाल अक्षरांत ‘हाय प्रेशर’ का येतंय, हे मला कळत नव्हतं. मग मी यूट्यूबवर शोधायला लागले.

आमचं घर सोलापुरात, विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात. दोन खोल्या. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. रात्रपाळी करून, झोप काढून मी दुपारी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसायचे आणि मोबाईल पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवायचे. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, आणि समोर अमेरिकेतला डॉक्टर भराभर इंग्रजी बोलतोय. वेग पाऊणपट केला. खालची अक्षरं चालू केली, पण ती औषधांची नावं भलतीच दाखवायची. स्टॅनफर्डचे एरिक स्ट्राँग म्हणून डॉक्टर आहेत, त्यांनी एबीजीवर, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीवर, आणि व्हेंटिलेटरवर एकामागून एक असे व्हिडिओ केले आहेत. पंधरा मिनिटांच्या एका व्हिडिओला मला दीड तास लागायचा. थांबवायचं, वहीत लिहायचं, मागे न्यायचं, परत ऐकायचं.

एबीजी म्हणजे माझ्यासाठी तोवर एक स्लिप होती. मनगटातून रक्त काढायचं, मशीनला लावायचं, स्लिप फाईलला टाचायची. पुढचं सर बघतील. व्हिडिओत तो डॉक्टर शांतपणे सांगत होता: आधी पीएच बघा, मग कार्बन डायऑक्साइड, मग बायकार्बोनेट, आणि मगच नाव द्या. चौथ्या की पाचव्या दिवशी बेड चारची स्लिप माझ्या हातात आली. पीएच ७.१८, सीओटू ७८, बायकार्ब २८. मी स्लिप धरून तशीच उभी राहिले. या माणसाला श्वास बाहेर टाकता येत नाहीये, आणि हे आजचंच आहे, जुनं नाही, हे मला त्या कागदावरून दिसलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा. मी धावत गेले, पण या वेळी सरांना काय सांगायचं ते मला माहीत होतं.

हे सगळं फुकट आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवलं की आपल्याला येतं ते जगात कुणालाही, पैसे न घेता शिकता आलं पाहिजे. ऑस्ट्रेलियातले माइक कॅडोगन यांनी २०१२ साली त्याला ‘फोम’ असं नाव दिलं. विडी घरकुलातल्या कुणासाठी म्हणून त्यांनी ते केलं नसेल. पण पोचलं ते इथपर्यंत.

व्हेंटिलेटरच्या व्हिडिओंमधली एक गोष्ट ऐकून मी सुन्न झाले होते. फुप्फुसाला एका श्वासात किती हवा द्यायची, हे रुग्णाच्या वजनावर नाही, उंचीवर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. २००० साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्याने भरलेल्या, रुग्णांना किलोमागे १२ मिली आणि ६ मिली अशी तुलना केली होती. १२ वाल्यांमध्ये सुमारे ४० टक्के दगावले, ६ वाल्यांमध्ये ३१ टक्के. आणि हे किलोसुद्धा उंचीवरून काढलेले. बायकांसाठी १५२ सेंटिमीटरला साधारण ४५ किलो धरायचे, पुढे प्रत्येक सेंटिमीटरला ०.९१ मिळवायचं. पुरुषांसाठी सुरुवात ५० पासून.

आमच्या आयसीयूत उंची कुणी मोजतच नव्हतं. माझी काकू युनिफॉर्म शिवायचं काम घरी आणते. तिची जुनी टेप मी मागून घेतली, सॅनिटायझरने पुसली आणि ड्यूटीला नेली. त्या दिवशी एक मावशी व्हेंटिलेटरवर होत्या, वजन ८० च्या पुढे, मशीनवर एका श्वासाला ४५० मिली सेट केलेलं. टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावली. १५२. म्हणजे ६ च्या हिशोबाने २७० होतात, ८ धरले तरी ३६०. आम्ही देत होतो तो आकडा त्यांच्या फुप्फुसांसाठी किलोमागे दहाचा होता. मी आरएमओ सरांना वही दाखवली. त्यांनी प्लॅटो प्रेशर, म्हणजे फुप्फुसांवर पडणारा दाब, बघितलं, ३४ आलं, जे ३० च्या आत हवं. मोठ्या सरांना फोन झाला, आकडा खाली आला, आणि त्या रात्री ‘हाय प्रेशर’चा अलार्म वाजायचा कमी झाला. त्या मावशींचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, माझी आठ दिवसांची पाळी संपली होती. टेप मात्र तिथेच राहिली. आजही अॅडमिशनच्या कागदावर आम्ही उंची लिहितो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मोबाईल बघूनच सगळं येतं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि ते फार धोक्याचं होतं.

सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचे, मी पन्नासेक व्हिडिओ बघितले असतील. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. सगळं पाठ. घरी सोलापुरी चादरींची घट्ट गुंडाळी करायचे, मोबाईलवर ११० चा ठोका लावायचे आणि दाबायचे. मनात पक्कं की मला येतं. मग साठवलेल्या पैशांतून बीएलएसचा, म्हणजे जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचा, कोर्स करायला पुण्याला गेले, पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने. तिथल्या पुतळ्याला आतून यंत्र होतं, प्रत्येक दाबाची खोली पडद्यावर दिसायची. माझी दिसली साडेतीन, कधी चार. आणि वर येताना मी पूर्ण वर येतच नव्हते, तळहाताचं वजन छातीवरच राहत होतं. शिकवणारे सर म्हणाले, “सिस्टर, असं दाबलंत तर मेंदूपर्यंत रक्त पुरेसं जाणार नाही.” चादरीला दाबून मी सहा महिने चूक घोटवत होते, कारण चादर काही सांगत नाही. माझी उंची कमी, कोपरं वाकत होती. त्यांनी पायाखाली एक स्टूल सरकवलं आणि आकडा साडेपाचवर गेला. एवढंच. पन्नास व्हिडिओंत एकानेही सांगितलं नव्हतं की ठेंगण्या बाईने स्टूलवर उभं राहावं.

आता आमच्या क्रॅश ट्रॉलीखाली, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाड्याखाली, एक लाकडी स्टूल कायमचं असतं. आणि हवेच्या गादीवर पेशंट असेल तर आधी तिची हवा सोडायची, नाहीतर निम्मा जोर गादीतच जातो. हेही मी एका फसलेल्या रात्रीतून शिकले. ती रात्र इथे लिहवत नाही.

त्यानंतर मी वहीची पद्धत बदलली. २०० पानी वही, मधोमध रेघ. डावीकडे व्हिडिओत काय सांगितलं ते, उजवीकडे आमच्या वॉर्डात ते कसं. अमेरिकेच्या व्हिडिओत अॅड्रिनलिन तयार भरलेल्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये येतं, उघडलं की दिलं. आपल्याकडे १ मिलीचं अॅम्प्यूल, त्यातच १ मिलीग्रॅम. हृदय बंद पडलं की ते द्यायचं आणि मागून २० मिली सलाईन सोडायचं. ब्रिटनच्या व्हिडिओत एबीजीचे आकडे वेगळ्याच मापात, त्यांना साडेसातने गुणलं की आपले आकडे होतात. ते माहीत नव्हतं तोवर मला वाटायचं तिकडच्या लोकांचं रक्तच वेगळं आहे. फवारणीच्या विषावर देतात ते अॅट्रोपिनसुद्धा तसंच: तिकडे १ मिलीग्रॅमची सिरिंज, इकडे ०.६ चं अॅम्प्यूल. उजवी बाजू भरली नाही तर डावी बाजू कामाची नाही, हे मला त्या वहीने शिकवलं.

आणि कितीतरी गोष्टींना डावी बाजूच नसते. तिकडच्या इमर्जन्सीच्या व्हिडिओत ड्रग ओव्हरडोस भरपूर. आपल्याकडे मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट भागातून रात्री काय येतं? फवारणीचं औषध, साप, विंचू. मे महिन्यात उष्माघात. मण्यार चावलेला माणूस जमिनीवर झोपलेला असतो, पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, अंगावर दात सापडत नाहीत आणि पापण्या मिटायला लागतात, हे मला आपल्याच देशातल्या डॉक्टरांच्या भाषणांतून कळलं. घोणसचा संशय असेल तर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं, गोठलं का. प्लास्टिकच्या नळीत नाही, तिच्यात ही टेस्ट फसते. विंचवाच्या दंशात प्राझोसिन गोळीने जीव वाचतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी आपल्या कोकणातल्या छोट्याशा गावात राहून जगाला दाखवलं. त्यांच्याबद्दल बोलताना आमचे मोठे सर उभे राहतात.

दुसरे व्हिडिओ आहेत त्यांचा मला राग येतो. ‘हार्ट अटॅक आला की जोरजोरात खोकत राहा’, हे माझ्या सख्ख्या मामांच्या मोबाईलवर होतं. छातीत दुखायला लागल्यावर ते अर्धा तास ओसरीवर खोकत बसले होते. तो अर्धा तास गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा होता. साप चावल्यावर दोरी करकचून बांधायची, ब्लेडने चिरायचं, हेही मोबाईलवर बघून लोक करतात आणि काळानिळा पाय घेऊन येतात. बनवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आता एक अॅट्रोपिनची रात्र.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. १०८ मधून एक सव्वीस वर्षांचा मुलगा आला, फवारणीचं औषध पोटात गेलेलं. कसं, का, ते इथे नको. दारातून स्ट्रेचर आत येतानाच वास आला, लसणासारखा उग्र. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस, कपडे घामाने आणि लघवीने भिजलेले, पल्स ५२. छातीतली खरखर मला स्टेथोस्कोपशिवाय ऐकू येत होती. वॉर्डबॉय मामांनी आणि मी ग्लोव्हज चढवून कपडे कापले, साबणाच्या पाण्याने अंग पुसलं. आरएमओ सर नवीन, लागून दोनच महिने झालेले. पण डगमगले नाहीत. ऑक्सिजन, सक्शन, आणि तीन अॅम्प्यूल अॅट्रोपिन.

पाच मिनिटं. काही फरक नाही. सहा अॅम्प्यूल. पाच मिनिटं. बारा.

बारानंतर पल्स १२६ झाली, बाहुल्या मोठ्या झाल्या. सर म्हणाले, “बास सिस्टर. पल्स बघा किती वाढली. थांबू.”

माझ्या वहीत उजव्या पानावर लाल पेनने लिहिलेलं होतं. श्रीलंकेत वर्षानुवर्षं हेच रुग्ण बघणारे मायकेल एडल्स्टन आणि त्यांचे सहकारी यांचं काम एका भाषणात समजावलेलं होतं, ते मी तीनदा ऐकलं होतं. पाच मिनिटांनी डोस दुप्पट. पल्स वाढली म्हणून थांबायचं नाही. छाती कोरडी झाली का, बगल कोरडी झाली का, ते बघायचं. माणूस मरतो तो स्वतःच्याच पाण्यात बुडून.

डॉक्टरांना सांगायचं कसं, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मी कापसाचा बोळा त्याच्या बगलेत दाबला, बाहेर काढला आणि सरांच्या हातात दिला. ओला होता. म्हटलं, “सर, एकदा छाती ऐकता का? पाठीमागून, खालच्या बाजूला.” त्यांनी ऐकलं. दोन्हीकडे बुडबुडे. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. रागावले नाहीत. सरळ मोठ्या सरांना फोन लावला, आणि स्पीकरवर आवाज आला, “कोरडा होईपर्यंत दुप्पट. घाबरू नका.”

दुप्पट म्हणजे चोवीस. ट्रॉलीत तीस होते, एकवीस संपलेले. उरले नऊ.

मामा जिन्यावरून खाली कॅज्युअल्टीकडे पळाले. नऊ तर देऊ म्हणून आम्ही फोडायला बसलो. मी आणि दुसरी सिस्टर, ती कन्नड बोलणारी, रात्रभर बाहेर बसलेल्या नातेवाइकांना तीच समजावत होती. अॅम्प्यूल फोडायचं म्हणजे मान कापसात धरायची, ठिपका आपल्याकडे, आणि बाहेरच्या बाजूला मोडायची. एक सोपं. घाईत एकामागून एक करायला लागलं की काच बोटात जाते. पाचव्याला माझ्या तर्जनीतून रक्त आलं, ग्लोव्हजच्या आत गरम लागलं. थांबायला वेळ नव्हता. मामा दोन डबे घेऊन आले, धापा टाकत, आणि स्वतःच माझ्याशेजारी उभे राहून एकेक अॅम्प्यूल हातात द्यायला लागले. “अजून किती वो सिस्टर?” अजून दहा. अजून सहा. काचेच्या टोप्यांनी किडनी ट्रे भरला.

पंचेचाळीस अॅम्प्यूल झाले एकूण. २७ मिलीग्रॅम. दहा मिनिटांनी मी परत बगलेत कापूस दाबला आणि काढला. कोरडा. सरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिले, मग मलाच लावायला दिला. आत नुसती हवा जात-येत होती.

पुढे एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला, म्हणून पंपावर ३ मिलीग्रॅम लावलं. आता उलटी काळजी: ताप येतोय का, बडबड करतोय का, पोटातले आवाज बंद झाले का. तसं झालं तर अॅट्रोपिन जास्त होतंय. सकाळी सहाला दारात त्याचे वडील उभे. “वाचंल का वो ताई?” मी म्हटलं, रात्र काढली त्याने, पण चार दिवस मला काही विचारू नका.

ते चार दिवस मी उगाच म्हटले नव्हते. या विषात पहिला धोका टळला तरी दुसऱ्या ते चौथ्या दिवशी स्नायू गळतात, आणि सगळ्यात आधी मान. हेही त्याच भाषणातलं. दर पाळीत आम्ही त्याला सांगायचो, डोकं उशीवरून उचल. पहिल्या दिवशी उचललं. दुसऱ्या दिवशी उचललं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने प्रयत्न केला, कपाळाच्या शिरा ताणल्या, आणि डोकं जागचं हललं नाही. सॅच्युरेशन ९७ होतं, बोलत होता, हसतही होता. वरवर काहीच नव्हतं. मोठ्या सरांना कळवलं, ते आले, श्वास मोजले, आणि तासाभरात दिवसाउजेडी, सगळी तयारी करून नळी टाकली. रात्री तीनला धावपळ करून नाही. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता. सुटला तेव्हा चालत गेला, वडिलांचा खांदा धरून.

माझ्या बोटावर तो व्रण आहे.

त्या रात्रीनंतर इन्चार्ज सिस्टरांनी स्टोअरला पत्र दिलं. आधी उत्तर आलं की एवढा साठा ठेवला तर एक्स्पायर होईल. त्यांनी त्या रात्रीच्या ड्रग चार्टची झेरॉक्स जोडून परत दिलं. आता दुसऱ्या ड्रॉवरमध्ये वेगळा डबा आहे, शंभर अॅम्प्यूलचा, वर मार्करने मराठीत लिहिलेलं: ‘ॲट्रोपिन. ३, ६, १२, २४. बगल बघा.’ नव्या मुली आल्या की वही मागून नेतात, दोन-चार पानं फाटलीत, चिकटवलीत.

डबा दर हँडओव्हरला मोजायचा असतो. काल रात्री मी मोजला तर सत्त्याण्णव. तीन कुठे गेले ते रजिस्टरमध्ये होतं, दुपारी बेड दोनची पल्स ३६ वर आली होती. तीनचं इंडेंट भरून मामांच्या हातात दिलं.